“मचाणावर दोन वाघ लिहिले, पण वाघ एकच असेल तर?”

गेल्या अंकात ताडोबात वाघ मोजायला लावतात त्या कॅमेरा ट्रॅपबद्दल (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचा सूर एकच, ही मोजणी खरी असते का हो. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे सहा पत्रं निवडलीत. काहींना लांब उत्तर मिळालंय, काहींना आखूड, राग मानू नका.

प्रश्न : यंदा बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मोजणीसाठी आम्ही चौघं मित्र मचाणावर बसलो होतो. रात्री साडेदहाला एक वाघ पाण्यावर आला, पहाटे चारला परत एक आला. तोच की दुसरा ते कळलं नाही, पण फॉर्मवर आम्ही दोन लिहिले. दोन दिवसांनी पेपरात आकडे आले त्यात आमचेही दोन असतील. आता मनाला टोचतंय. आम्ही चुकलो का?
— नागपूरचा बँक कर्मचारी

टोचतंय हे फार चांगलं आहे, खरं सांगतो. मी पहिल्यांदा मचाणावर बसलो तेव्हा एका अस्वलाला तीन अस्वलं करून टाकलं होतं आणि सकाळी डबा खाताना अभिमानाने सांगत होतो.

बघा, पाणवठ्यावरची मोजणी दिसायला एकदम सोपी वाटते. वैशाख, रानात पाणी मोजक्या ठिकाणी, वर टिपूर चांदणं, म्हणजे जनावर येणारच आणि दिसणारच. पण एकच वाघ रात्रीत दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतो, तिथे दोन वेगळ्या मचाणांवर दोन वेगळी माणसं बसलेली, दोघांनी एकेक लिहिला की झाले दोन. उलट एखादा वाघ त्या रात्री पाण्यावर आलाच नाही, सांबर मारून नाल्यात पडून राहिला, तर तो कुणाच्याच कागदावर नाही. शिवाय तुमच्या शेजारच्या मचाणावरचा माणूस दोन वाजता झोपला असेल तर त्याच्या झोपेचाही आकड्यावर परिणाम होतो, आणि तो किती वाजता झोपला हे कुणी लिहून देत नाही!

म्हणून वनविभागही हल्ली या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणतो, गणना नाही. पेपरवाले मात्र दुसऱ्या दिवशी हेडिंगमध्ये गणनाच म्हणतात.

मग खरी मोजणी कशी होते? वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशासारखे, आणि त्यातही डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर एकेक कॅमेरा बांधतात, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. दर 2 चौरस किलोमीटरच्या चौकोनात अशी एक जोडी, आणि ती किमान 25 दिवस तरी तिथे राहते. आता समजा एखाद्या शेततळ्यात मासे किती ते तुम्हाला बघायचंय. तुम्ही जाळं टाकून 20 पकडले, त्यांच्या शेपटीला खूण केली आणि सोडून दिले. काही दिवसांनी परत 20 पकडले, त्यात खूण केलेले 5 निघाले. म्हणजे खूणवाले एकूण माशांच्या साधारण पाव हिश्शाएवढे आहेत, तर तळ्यात मासे 80 च्या आसपास. कॅमेऱ्याचं गणित मुळात हेच, फक्त वाघाला खूण करावी लागत नाही, ती जन्मतःच असते. तोच वाघ किती वेळा आला, कुठे कुठे आला, नवे किती आले, यावरून न दिसलेले किती असतील त्याचा अंदाज बांधतात. या पद्धतीचा भारतातला पाया वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत 1990 च्या दशकात घातला.

थोडक्यात, दिसलेले सगळेच मोजतात, न दिसलेल्यांचा हिशोब ज्या पद्धतीत असतो तिलाच गणना म्हणायची. पुढच्या वर्षी फॉर्मवर सरळ लिहा, “दोनदा दिसला, तोच की दुसरा माहीत नाही.” तुमच्या दोन वाघांपेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी आहे.

प्रश्न : माझे वडील वनरक्षक होते, तीस वर्षं नोकरी केली. ते पायाच्या ठशावरून सांगायचे की हा नर आहे, ही मादी, ही पोटुशी आहे. तुम्ही कॅमेऱ्याचं एवढं कौतुक केलंत, मग त्या लोकांचं ज्ञान फालतू होतं का?
— चंद्रपूर, एम. एस्सी. चा विद्यार्थी

अजिबात नाही, आणि तसा अर्थ निघाला असेल तर तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग आणि माफीही.

ठसे मोजायची पद्धत ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1966 मध्ये बसवली. ठशावर काच ठेवून आकार गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि मग सगळे ताडून बघायचे. गडबड ठसा ओळखण्यात नव्हती. तुझे बाबा त्यांच्या बीटमधले, म्हणजे त्यांच्या गस्तीच्या भागातले, वाघ ओळखत असतीलच, रोज भेटणाऱ्या माणसाची चाल आपण नाही का लांबून ओळखत! गडबड पुढे होती. ओल्या मातीत ठसा पसरतो, रेतीत वेगळा उमटतो, आणि तो शेकडो किलोमीटरवरच्या कुणीतरी दुसऱ्याच्या गिरवलेल्या ठशाशी जुळवून राज्याचा आकडा काढायचा. त्यात आकडा खाली आला की वर उत्तर द्यावं लागणार, मग तो खाली येतोच कशाला? राजस्थानात सारिस्कामध्ये कागदावर दीड डझनाच्या आसपास वाघ होते, आणि 2005 मध्ये कळलं की एकही उरलेला नाही. त्यानंतर देशपातळीवर ही पद्धत बंद झाली आणि 2006 पासून दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने अंदाज काढायला लागले.

पण त्या नव्या पद्धतीची पहिली पायरी आजही वनरक्षकच आहे. बीटमध्ये पायी फिरून ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे नोंदवायचे, लाइनवर चालून चितळ-सांबर मोजायचे. कॅमेरा कुठल्या वाटेवर बांधायचा हे लॅपटॉप सांगत नाही, “साहेब, इथं नका बांधू, तो पलीकडच्या नाल्यानं येतो” हे बीटगार्डच सांगतो. बाबांच्या जुन्या डायऱ्या घरी असतील तर रद्दीत देऊ नकोस, एवढं माझं ऐक.

प्रश्न : महाराष्ट्रात 2006 मध्ये 103 वाघ होते आणि 2022 मध्ये 444. चौपट! इथे ऑफिसात मी अभिमानाने सांगितलं तर एका सहकाऱ्याने विचारलं, वाघ वाढले की कॅमेरे वाढले? मला उत्तर देता आलं नाही.
— दुबईहून

सहकाऱ्याला चहा पाजा, प्रश्न नेमका आहे. उत्तर दोन्ही.

मधले आकडेही बघा, 2014 मध्ये 190 आणि 2018 मध्ये 312. वाघ वाढले यात शंका नको. विदर्भात राखीव जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यात, शेतात, अगदी चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या परिसरात वाघ फिरतात, ते काही कॅमेऱ्यातून जन्मलेले नाहीत. पण मोजायची ताकदही वाढली. 2018 च्या फेरीत देशभरात 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो आले, त्यातले वाघांचे 76,651. ही कॅमेऱ्यांनी केलेली जगातली सगळ्यात मोठी पाहणी म्हणून गिनेसमध्ये नोंदली गेली. (उरलेल्या फोटोंमध्ये काय असतं विचाराल तर गवत, गाई आणि सायकलवाले.) आणखी एक, आधी दीड वर्षावरचे वाघच मोजायचे, 2018 ला ती अट एक वर्षावर आली. म्हणजे जी पिल्लं आधीच्या हिशोबात बसली नसती ती आता बसली.

त्यामुळे 103 आणि 444 शेजारी ठेवून थेट भागाकार करू नये. एकाच जंगलात, त्याच जागी तेवढेच कॅमेरे लावून, त्याच महिन्यात, वर्षानुवर्षं काय दिसतंय ते बघावं. व्याघ्र प्रकल्पांत ही वर्षावर्षाची मोजणी होते, पण तिची हेडिंग होत नाही कारण ती कंटाळवाणी असते. यंदा गेल्या वर्षीएवढेच, ही काय बातमी आहे?

आणि वाघाच्या आकड्याबरोबर त्याच्या ताटाचा आकडा विचारत जा. एका वाघाला वर्षाला साधारण 50 मोठी जनावरं लागतात, म्हणजे त्याच्यामागे रानात पाचेकशे तरी चितळ-सांबर-रानडुक्कर हवेत, तरच ताट रिकामं होत नाही. चितळ किती यावर बातमी बघितलीये कधी?

चितळावरून आठवलं. मी विदर्भातल्या एका जंगलात पोरगेला असताना ट्रान्झेक्टवर चालायचो. दोन किलोमीटरची आखलेली लाइन, उजाडताच सुरुवात, बोलायचं नाही, कळप दिसला की किती आहेत, किती लांब आहेत, कुठल्या दिशेला आहेत ते लिहायचं. लांबी का, तर जवळचे सगळे दिसतात, लांबचे सुटतात, आणि कसे सुटत गेले यावरून सुटलेल्यांचा हिशोब लागतो. एका उन्हाळ्यात गाडी वेळेवर आली नाही म्हणून आठवडाभर आम्ही साडेसहाऐवजी नऊला चालायला लागलो. नऊला चितळ सावलीत घुसलेले असतात. आकडा जवळजवळ निम्मा आला आणि वरच्या साहेबांनी रिपोर्टमध्ये “चितळांत चिंताजनक घट” असं लिहून पण टाकलं. वाचलो कशाने, तर आमच्यातल्या एका चिकट पोराने रोज चालायला सुरुवात केल्याची वेळ वहीत लिहिली होती. आम्ही त्याला हसायचो.

प्रश्न : ताडोबाची माया वाघीण 2023 च्या पावसाळ्यात दिसेनाशी झाली आणि गेल्याचं कळायला काही महिने गेले. एवढे कॅमेरे, एवढे गाइड, एवढे फोटोग्राफर, मग देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध वाघिणीचा पत्ता लागत नाही? मॉनिटरिंग म्हणतात ते हेच का?
— पुणे, ताडोबाला अकरा वेळा जाऊन आलेली वाचक

अकरा वेळा! मग तुम्हाला राग येणं स्वाभाविक आहे, तुमच्यासाठी ती घरचीच होती.

पण माया ज्यांच्या डोळ्यांसमोर असायची ते डोळे मुळात जिप्सीतले. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, पर्यटकांना बंद. ज्या काळात ती दिसेनाशी झाली त्या काळात तुमच्याआमच्यापैकी कुणी तिथे नव्हतंच, गवत पुरुषभर, नाले भरलेले. पायी गस्त चालू असते पण गस्त सगळीकडे एकाच दिवशी पोचत नाही. आणि कॅमेरे वर्षभर सगळीकडे लावलेले असतात असा आपला समज आहे, तो टीव्हीमुळे झालाय. मोजणीचे कॅमेरे ठरलेल्या महिन्यांत ठरलेल्या जागी लावतात. रान म्हणजे सीसीटीव्ही लावलेली सोसायटी नव्हे.

शिवाय दिसत नाही म्हणजे मेला असंही लगेच म्हणता येत नाही. यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर, लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं, 2019 मध्ये तिथून निघाला आणि शेतं, रस्ते, नद्या ओलांडत बुलढाण्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन बसला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं, सगळं मिळून तो 3,000 किलोमीटरच्या वर चालला. कॉलर नसती तर टिपेश्वरच्या वहीत तो ‘बेपत्ता’ एवढाच उरला असता.

मायाचं उत्तर शेवटी कुठून मिळालं ते बघा. रानात वाघाचे अवशेष सापडले, पट्टे ओळखता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. डीएनए तपासला आणि तो मायाच्या आधीच्या नमुन्याशी जुळला. म्हणजे ती जिवंत असताना, तिला काहीही झालेलं नसताना, कुणीतरी तिचा नमुना गोळा करून नीट नाव-तारीख घालून ठेवला होता. तो ठेवला त्या दिवशी ते काम बिनकामाचंच वाटलं असणार. तुमचा प्रश्न उशीर का झाला हा आहे, आणि तो विचारायलाच हवा, पण तो जुना नमुना नसता तर आज आपण अजूनही ती कुठेतरी दिसली म्हणून व्हॉट्सॲपवर अंधुक फोटो फिरवत बसलो असतो.

प्रश्न : भाऊ, आमचं गाव बफरमध्ये हाय. मार्च-एप्रिलात आमी बाया पहाटे मोहफुलं वेचाले जातो. झाडाले कॅमेरा बांधून असते. तो वाघाचा फोटो काढते का आमचा? तिथं बसाले बी लाज वाटते. कोणाले विचारावं?
— चिमूर तालुका (मुलाकडून लिहून घेतलेलं पत्र)

ताई, खरं सांगतो, तो दोघांचाही काढतो. समोरून ऊबदार अंगाचं काही हललं की त्याचं बटण दाबलं जातं, मग तो वाघ असो, गाय असो की तुम्ही. तुमच्या पत्रातली गोष्ट आमच्यासारख्या मोजणीवाल्यांच्या बैठकीत कधी निघत नाही, म्हणून ती इथे छापायची होती.

तुम्ही एकट्या नाही. उत्तराखंडमध्ये कॉर्बेटच्या आसपासच्या गावांमधला एक अभ्यास 2024 मध्ये बाहेर आला, त्यात हेच निघालं. तिथल्या बाया रानात जाताना मोठ्याने बोलतात, गाणी म्हणतात, जनावर सावध होऊन बाजूला व्हावं म्हणून, पण कॅमेरा दिसला की संकोचून गप्प होतात. आता तुम्हीच सांगा, मोहाच्या दिवसांत वाकून फुलं वेचणारी बाई गप्प झाली तर धोका कुणाला वाढला? चंद्रपूर जिल्ह्यात याच दिवसांत बाया वाघाच्या तावडीत सापडल्याच्या घटना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

तर विचारायचं कुणाला. मोहफुलं वेचणं हा तुमचा चोरटेपणा नाही, 2006 च्या वनहक्क कायद्यात मोहफुलांसारख्या गौण वनोपजाचा हक्क लिहिलेला आहे. गावच्या परिस्थितीकीय विकास समितीच्या बैठकीत, नाहीतर ग्रामसभेत, दोनतीन बायांनी मिळून मुद्दा मांडा आणि वनरक्षकाला तिथे बोलवा. सांगा की कॅमेरे कुठल्या दिवसांत आणि कुठल्या वाटांवर लागणार ते आधी गावात कळवा, माणसांचे फोटो कोण बघतं आणि पुढे त्याचं काय होतं ते सांगा, आणि जिथे बाया आडोशाला जातात तिथे कॅमेरा नको. यातली एकही मागणी वाघाच्या विरोधातली नाही. कॅमेरे मात्र फोडू नका, त्यातलं कार्ड गेलं की महिनाभराची मोजणी गेली आणि आळ सगळ्या गावावर येतो. गाणी म्हणत जा, मोठ्याने म्हणा.

प्रश्न : मी भोर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. गावाला वाघजाईची देवराई आहे, दोनेक एकर असेल. वाघ अर्थातच नाही, पण शेकरू आहे, धनेश येतो. मुलांना घेऊन तिथे काही कायमची नोंद सुरू करायची इच्छा आहे. आमच्याकडे ना कॅमेरा ना पैसे. सुरुवात कुठून करू?

सर, या पत्रासाठी जागा राखून ठेवली होती. ताडोबा-ताडोबा करण्यात आपण विसरतो की सह्याद्रीत गावागावाला स्वतःचं राखीव रान आहे आणि ते कुठल्याही कायद्याच्या आधीपासून देवाच्या धाकाने राखलेलं आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात इथल्या देवरायांचा अभ्यास केला म्हणून त्यांची कागदोपत्री ओळख तरी झाली.

कॅमेरा नको. एक जाड बांधलेली वही घ्या, सुटे कागद नको, ते हरवतात. देवराईतली दहा झाडं निवडा, जांभूळ, हिरडा, बेहडा, उंबर, आंबा, जी असतील ती, आणि त्यांना नंबर द्या. खिळा ठोकू नका, सुतळीने पाटी बांधा आणि दरवर्षी सैल करा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर प्रत्येक झाडाला कोवळं पान आहे का, फूल आहे का, फळ आहे का, एवढंच लिहायचं. शिवाय तीन जागा ठरवा, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं गप्प उभं राहायचं (चाळीस मुलांना नेऊ नका, पाचपाच जणांची पाळी लावा) आणि दिसलेले, ऐकू आलेले पक्षी लिहायचे. वर तारीख, सुरुवातीची वेळ, ढग होते की ऊन, कोण कोण होतं. त्या चिकट पोराची आठवण ठेवा. आणि वर्षातून एकदा एकाच दगडावर उभं राहून एकाच दिशेला मोबाइलने एक फोटो, बस.

शेकरूबद्दल एक सावधगिरी. मुलांना घरटी मोजायला फार आवडतं, पण एकच शेकरू अनेक घरटी बांधून ठेवतो, त्यामुळे घरटी सात म्हणजे शेकरू सात असं लिहू नका. घरटी सात, शेकरू दिसला एक, असं वेगवेगळं लिहा. मचाणावरच्या बँकवाल्या मित्राचा घोटाळा तुमच्याकडे नको.

पक्ष्यांच्या याद्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात. तिथे यादी टाकताना विचारतात की ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का. यातली मेख अशी की “हो” म्हटलं तर जे लिहिले नाहीत ते दिसले नाहीत हेही नोंदलं जातं. ग्रामपंचायतीतही विचारा, 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ती एकदा करून कपाटात ठेवलेली सापडते. कपाट उघडायला लावा, तिची एक प्रत घ्या आणि त्यात म्हाताऱ्या माणसांनी काय काय सांगितलंय ते मुलांकडून वाचून घ्या. दुर्मिळ आमरी (ऑर्किड) किंवा औषधी झाड सापडलं तर त्याचा नेमका पत्ता मात्र कुठेही टाकू नका, चार दिवसांत मुळासकट गायब होतं.

सगळ्यात अवघड भाग तुमची बदली झाल्यावर येईल. म्हणून पहिल्याच वर्षी गावातलं बदली न होणारं कुणीतरी सोबत घ्या, पुजारी, गुराखी, अंगणवाडीताई, कुणीही. वहीची झेरॉक्स दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत काढून पंचायतीत द्या.

आणि मुलं तुम्हाला म्हणतील, “सर, आज काहीच दिसलं नाही, काय लिहू?” तेव्हा रकाना कोरा सोडू देऊ नका. कोरा रकाना म्हणजे गेलोच नाही, आणि शून्य म्हणजे गेलो, दहा मिनिटं उभे राहिलो, धनेश नव्हता. पंधरा वर्षांनी कुणी विचारलं की धनेश यायचा कधी बंद झाला, तर तो महिना त्या शून्यांतूनच सापडेल. पहिलं वर्ष झालं की वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवा, पण भरगच्च पान नको, शून्यवालं पाठवा, या सदरात छापतो.